मामाचं टेबल, भाचीची सॅक

हातात सत्तर हजार आहेत. फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, एवढा सरळ प्रश्न घेऊन भाची भोरच्या बाजारपेठेतल्या मामांच्या स्टुडिओत आली होती. मी काही जुने फोटो स्कॅन करून घ्यायला आधीच तिथं बसलेलो. प्रश्न सरळ होता, पण विचारणारी आणि उत्तर देणारा दोघंही एकाच धंद्यातले. त्यामुळे पासपोर्ट फोटोला आलेल्यांना बराच वेळ बाकावर ताटकळावं लागलं.

मामांचा स्टुडिओ वडिलांपासूनचा. वडील निगेटिव्हचं टचिंग करायचे. ते टेबल अजून आतल्या खोलीत आहे: तिरपी घासलेली काच, मागून उजेड टाकायला आरसा, आणि पेन्सिलीचं शिसं सुईसारखं लांब करायला पॉलिश पेपरचा तुकडा. निगेटिव्हवर नवरीच्या गालावरचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्या शिशाच्या बारीक ठिपक्यांनी भरायची. मामांनी ते काम शिकून घेतलं आणि नंतर फोटोशॉपही. आता लग्नाच्या ऑर्डरी कमी केल्यात; करिझ्मा अल्बमचं डिझायनिंग, स्कॅनिंग आणि पासपोर्ट यावर दुकान चालतं.

भाची मार्गासनीजवळच्या गावातली. चेलाडी फाट्यावरून आत वळलं की नसरापूर, आंबवणे, विंझर, मार्गासनी आणि पुढं वेल्हे, हा सगळा पट्टा तिचा. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तिच्या ऑर्डर बुकात वेल्हेच लिहिलेलं असतं. लग्नं, साखरपुडे, गुंजवणी धरणाकाठी प्री-वेडिंग, गावच्या जत्रा, हे सगळं ती करते. सध्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवर भागवते.

मामा : डेस्कटॉप घे. सत्तर हजारांत राजासारखा डेस्कटॉप बसतो.

भाची : आणि लाईट गेली की राजा झोपणार. मामा, तुम्ही भोरात राहता. आमच्याकडं जूनमध्ये वारा सुटला, तारेवर फांदी पडली, की कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. अल्बम तर श्रावणाच्या आत द्यायचे असतात. लोकांना वाटतं पावसाळा म्हणजे फोटोग्राफरची सुट्टी. माझं खरं काम तेव्हाच असतं.

मामा : यूपीएस लाव की.

भाची : सहाशे व्हीएचा? तो फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरता. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून काम चालू असताना दोन-अडीचशे वॅट सहज ओढतात. लॅपटॉपचा अडॅप्टर पासष्टचा नाहीतर नव्वदचा. घरच्या इन्व्हर्टरवर आईचे दोन पंखे चालू ठेवून माझा लॅपटॉप चालतो. डेस्कटॉप लावला तर आई म्हणेल, फोटो बघू का उकाडा सोसू? आणि अजून एक. अडॅप्टर उलटा करून बघा. इनपुट शंभर ते दोनशेचाळीस व्होल्ट लिहिलेलं असतं. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की आमचे बल्ब पिवळे पडतात, पण अडॅप्टरला त्याचं काही नसतं.

मामा : चांगला एसएमपीएस घेतलास तर त्यालाही नसतं. लोक प्रोसेसरवर पैसे उधळतात आणि एसएमपीएस डब्यातला फुकटचा घेतात. मग म्हणतात डेस्कटॉप टिकत नाही.

मामांचं हे बरोबर आहे आणि दुकानदार ते सहसा सांगत नाहीत. डेस्कटॉपला वीज पुरवणारे चांगल्या बनावटीचे एसएमपीएसही शंभर ते दोनशेचाळीसवर चालतात; स्वस्तातले दोनशेच्या खाली व्होल्टेज गेलं की कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू करू लागतात. पण मामांनी सोयीस्करपणे एक गोष्ट गाळली. एसएमपीएस कितीही चांगला असला तरी तारेत करंटच नसेल तर तो काय करणार? विजेच्या मुद्द्यावर भाचीचीच बाजू भक्कम होती आणि मामांनाही ते कळत होतं. त्यांनी विषय बदलला.

मामा : बरं, लाईटचं सोड. हा फोटो बघ.

त्यांनी ड्रॉवरमधून एक प्रिंट काढली. हळदीचा फोटो. मांडवाला लाल-पिवळं कापड, त्यातून गाळून आलेलं दुपारचं ऊन, आणि हळदीनं माखलेली नवरी. फोटो भाचीचाच होता. प्रिंटमध्ये नवरीच्या गालावर हळदीचा सपाट पिवळा लगदा दिसत होता. बोटांचे ओढलेले माग, सुकत आलेल्या हळदीच्या भेगा, काही नाही. कपाळावरचं कुंकू पेटल्यासारखं भडक. आणि कडेला बसलेल्या करवल्या अंधारात.

भाची : माझ्या स्क्रीनवर असा नव्हता.

मामा : तेच तर! तुझ्या स्क्रीनवर कसा होता ते मला माहितेय. फिका. म्हणून तू सॅच्युरेशन वाढवलंस. अजून फिका वाटला, अजून वाढवलंस. लॅबवाल्याच्या मशीनला तुझी स्क्रीन फिकी आहे हे काय माहीत?

इथं थोडं थांबायला हवं, कारण सत्तर हजारांचा खरा निकाल याच प्रिंटमध्ये आहे. स्वस्त लॅपटॉपच्या जाहिरातीत प्रोसेसर मोठ्या अक्षरांत असतो, रॅम त्याच्याखाली. स्क्रीनबद्दल फक्त इंच आणि 'फुल एचडी' लिहून मोकळे होतात. ती स्क्रीन रंग किती दाखवते हे शोधायला गेलं तर कुठंतरी कोपऱ्यात '४५ टक्के एनटीएससी' असं सापडतं. १९९६ मध्ये ठरवलेली एसआरजीबी नावाची रंगांची मापपट्टी आहे. बहुतेक लॅब आजही त्याच पट्टीतली जेपेग मागतात. ती पूर्ण दाखवायची तर एनटीएससीच्या हिशेबात सुमारे ७२ टक्के लागतात. म्हणजे पंचेचाळीसवाल्या स्क्रीनवर बसलेल्या माणसाला गडद लाल, गडद हिरवा, गडद जांभळा मुळात दिसतच नाही. कुंकू विटकरी दिसतं, शालूचा राणी रंग मळका दिसतो. मग हात आपोआप सॅच्युरेशनच्या पट्टीकडं जातो.

हळदीचं तर वेगळंच दुखणं. गडद पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळपास शून्य. आधीच कॅमेऱ्यात निळा चॅनेल तळाला टेकलेला असतो. त्यात सॅच्युरेशन वाढवलं की तो पूर्ण बसतो आणि लाल वर छताला लागतो. गालावरचे बोटांचे माग ज्या बारीक फरकांमुळे दिसतात तेच पुसले जातात. करवल्या काळ्या का आल्या? कारण लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला होता. प्रिंटसाठी काम करायचं तर स्क्रीन ऐंशी ते एकशेवीस निटच्या आसपास ठेवतात. फुल्लवर लॅपटॉप अडीचशे-तीनशेपर्यंत जातो. तिथं जे उजळ दिसतं ते कागदावर अंधारात जातं.

भाची : नाईट लाईटपण चालू राहिला होता त्या दिवशी. रात्री नऊनंतर आपोआप स्क्रीन पिवळी करतो तो.

मामा : बघ! पिवळ्या स्क्रीनवर हळद करेक्ट करत बसलीस.

भाची : पण मामा, हा लॅपटॉपचा दोष नाही. चांगल्या स्क्रीनचे लॅपटॉप मिळतात. शंभर टक्के एसआरजीबीवाले.

मामा : मिळतात. आणि ती चांगली स्क्रीन घेऊन तू बसणार कुठं? एक दिवस पडवीत, एक दिवस नवरदेवाच्या ओटीवर, एक दिवस एसटीत. उजेड बदलला की डोळा बदलतो. माझी आतली खोली बघ.

आतली खोली मी पाहिली आहे. भिंती राखाडी, खिडकीला जाड पडदा, ट्यूबलाईट ठरलेली, बदलायची तर त्याच नंबरची. मॉनिटरवर महिन्यातून एकदा कॅलिब्रेटर लटकतो, रंगीत चौकोन दाखवून मोजमाप घेतो आणि पांढरा रंग ६५०० केल्विनवर आणून ठेवतो. राखाडी रंगावरून मामींचं आणि मामांचं चांगलंच वाजलं होतं. घराच्या खोलीला कुणी असला रंग देतं का, असं मामींचं म्हणणं. मामांचं म्हणणं असं की हिरव्या भिंतीपुढं बसलेल्या माणसाला नवरी गुलाबी दिसते.

मामा : इथल्या राजवाड्यात सिनेमाचं शूटिंग लागतं तेव्हा जाऊन बघ. लाखो रुपयांचा मॉनिटर असतो, पण उघड्यावर नाही बघत. काळ्या कापडाचा तंबू बांधतात, त्यात डोकं घालून बघतात.

भाची : तंबू बांधूनच बघतात ना? स्टुडिओ मुंबईला ठेवून तर येत नाहीत. मॉनिटर शूटिंगच्या जागी येतो, हेच मी मघापासून सांगतेय.

मामांना याचं उत्तर सुचायला वेळ लागला. बाकावरचा एक पासपोर्टवाला हसला. मीही यात थोडी भर घातली, ती इथं नोंदवतो. छायाचित्रकलेच्या आरंभीच्या काळात, १८५० च्या दशकात आणि त्यानंतर, कलोडियनची काच वापरत. ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. त्यामुळे लेण्यांचे, गडांचे फोटो काढणारा माणूस डार्करूमचा तंबूच सोबत नेई. म्हणजे जागेवर प्रक्रिया करणं ही भाचीच्या पिढीची चैन नव्हे; स्टुडिओत बसून निवांत काम करणं हेच उशिरा आलेलं सुख आहे.

मामा : मग त्या तंबूवाल्यांचे फोटो बघ आणि आमच्या आण्णांचं टचिंग बघ.

हे ते वडिलांबद्दल बोलत होते. वादात मामा जिथं अडकतात तिथं आण्णा येतात.

भाची : आण्णांचं टचिंग मला मान्य. पण आण्णांना गिऱ्हाईक चार फोटोंचं यायचं. माझ्या एका लग्नात तीन हजार फोटो असतात. चोवीस मेगापिक्सेलची एक रॉ फाईल पंचवीस-तीस एमबीची. म्हणजे एका लग्नाला ऐंशी-नव्वद जीबी. ते मी कुठं बसून बघू? आणि बघायचं असतं फक्त मला का? पासलीच्या एका घरी सिलेक्शनला गेले होते. नवरीच्या दोन आत्या, आजी, शेजारची एक बाई, सगळ्या लॅपटॉपभोवती. आजी म्हणाली, ह्या फोटोत माझ्या थोरल्या जावेचा पदर डोक्यावर नाही, हा नको. मी तिथल्या तिथं पुढचा फोटो उघडला, पदर होता, घेतला. हेच पेनड्राईव्ह देऊन केलं असतं तर दोन महिने कुणी नंबर लिहून दिले नसते.

मामा : बाजाराच्या दिवशी लोक भोरला येतातच की. इथं बसून बघावेत.

भाची : आजी येते का? पासलीहून दोन गाड्या बदलून?

मामा गप्प. मी मनात हा मुद्दा भाचीच्या खात्यावर लिहून टाकला. सिलेक्शन अडलं की अल्बम अडतो, अल्बम अडला की उरलेले पैसे अडतात. लग्नाच्या धंद्यात घरी जाऊन फोटो दाखवणं ही वसुलीचीच पहिली पायरी आहे, हे भोरच्या दुकानात बसून कळणं अवघड.

भाची : मे महिन्यात भाटघरचं पाणी उतरलं की कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. तेवढे थोडे दिवस. तिथं शूट करून घरी आले आणि कार्ड करप्ट निघालं तर पुढच्या मेपर्यंत थांबायचं का? मी तिथंच झाडाखाली बसून कार्ड उतरवते, चार फोटो मोठे करून शार्प आहेत का बघते, मग उठते. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर सगळंच शार्प दिसतं.

मामा : कार्ड उतरवायला साधा लॅपटॉप चालतो. पण खरं काम आलं की? मागच्या वरातीचे फोटो रात्रीचे, आयएसओ बारा हजार, नुसते दाणे. लाइटरूमचा एआय डीनॉईज लावला होतास ना? किती वेळ लागला?

भाची : ... एका फोटोला काही मिनिटं.

मामा : माझ्याकडं काही सेकंद.

हा फरक खरा आहे. लाइटरूममध्ये २०२३ च्या एप्रिलमध्ये आलेलं हे डीनॉईज जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं. वरातीचे दोनशे फोटो त्याला लावायचे तर वेगळं कार्ड नसलेला लॅपटॉप रात्रभर गुरगुरत बसतो. कार्ड असलेला घ्यावा, तर तिथंही गोम आहे. लॅपटॉपमधल्या कार्डाचं नाव तेच असलं तरी त्याला वीज कमी दिलेली असते, कारण त्या चपट्या डब्यातून उष्णता जाणार कुठून? शिवाय विंडोजचे बरेचसे जोरदार लॅपटॉप बॅटरीवर गेले की मुद्दाम मंद होतात. म्हणजे लाईट गेल्यावर तो चालतो हे खरं, पण लाईट असतानाचा लॅपटॉप आणि नसतानाचा लॅपटॉप ही दोन वेगळी यंत्रं समजावीत. अॅपलनं २०२० मध्ये स्वतःची एम-१ चिप आणली तेव्हापासून त्यांचे लॅपटॉप बॅटरीवरही तसेच धावतात. पण त्यांत रॅम चिपमध्येच जडवलेली असते, आज आठ घेतली तर मरेपर्यंत आठच.

मामा : आणि करिझ्माचं पान किती मोठं असतं? बारा बाय छत्तीस. तीनशे डीपीआयनं तीन हजार सहाशे गुणिले दहा हजार आठशे पिक्सेल. पानभर एक लेयर म्हणजे शंभर एमबीच्या वर. असे वीस लेयर टाक. आठ जीबीचा लॅपटॉप घाम फोडतो. माझ्या कॅबिनेटमध्ये मी गेल्या वर्षी नुसत्या रॅमच्या दोन पट्ट्या टाकल्या, झालं काम. हा पत्र्याचा डबा तेवढा जुना. आतलं एकेक करत सगळं बदललंय. आजीच्या गोधडीसारखं, फाटलं तिथं ठिगळ.

भाची : पालीसकट?

मामा हसले. मागच्या पावसाळ्यात एसएमपीएसच्या जाळीतून पाल आत शिरली आणि दुकानात दोन दिवस जळका वास येत होता, ती गोष्ट सगळ्या नात्यात फिरली आहे. लॅपटॉपलाही पावसाळा सुटत नाही. केळदच्या बाजूला, मढे घाटात जुलैत धुकं इतकं की सॅकमधून काढलेल्या लॅपटॉपवर बोट फिरवलं तर ओलं लागतं. भाची तो प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून नेते आणि घरी आल्यावर थोडा वेळ उघडून ठेवल्याशिवाय चालू करत नाही. मोटरसायकलवरच्या हिसक्यांनी भावाच्या लॅपटॉपचं बिजागर मात्र गेलंच. झाकण आता पुस्तकं लावून उभं करावं लागतं. डेस्कटॉपचं बिजागर जात नाही, हे मामांनी दोनदा ऐकवलं.

एवढं होईपर्यंत वाद बरोबरीत चाललाय असं कुणालाही वाटलं असतं. मला तसं वाटत नव्हतं. दोघंही ज्या यंत्रावरून भांडत होते ते चार-पाच वर्षांत भंगारात जाणार. मी मामांना विचारलं, "२००९ सालच्या लग्नांचे फोटो आहेत का?"

मामांनी कपाट उघडलं. डीव्हीडींच्या चळती. प्रत्येकीवर स्केचपेननं आडनाव आणि गाव. त्यांच्या डेस्कटॉपला अजून डीव्हीडी रायटर आहे. लॅपटॉपला तो असतो का, असं विचारत त्यांनी ऐटीत एक चकती आत सारली. रायटर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. मामांनी ती काढून उजेडात धरली. मागच्या बाजूला कडेनं तपकिरी छटा आली होती. दुसरी लावली, ती उघडली, पण अर्धे फोटो करड्या पट्ट्यांचे. तिसरी चालली.

भाची : ह्यांची दुसरी कॉपी?

मामा : गिऱ्हाइकाला दिली होती.

भाची : म्हणजे नाहीच.

मामा : तुझी आहे का?

तिनं सॅकमधून एक बाहेरची हार्ड डिस्क काढून दाखवली. एकच. लॅपटॉपवर जागा राहत नाही म्हणून तिथून फोटो उडवलेले. म्हणजे तिचीही कॉपी एकच, फरक इतकाच की ती रोज मोटरसायकलवर हिंडते.

त्यावर मी त्यांना अजिंठ्याची गोष्ट सांगितली. मद्रास फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या रंगीत नकला करत होता. वर्षानुवर्षांची मेहनत. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी घेऊन तेच काम पुन्हा केलं, बारा-तेरा वर्षं. त्या नकलाही लंडनलाच गेल्या, साउथ केन्सिंग्टनला, आणि १८८५ मध्ये तिथं आग लागून त्यांतल्या पुष्कळ गेल्या. गिलनं पुढं कॅमेरा घेतला होता. त्यानं काढलेले लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकांत चिकटवून निघाले, प्रती निरनिराळ्या हातांत गेल्या, म्हणून ते आजही आहेत.

मामा : म्हणजे सगळं एका छपराखाली ठेवू नये.

भाची : तीन-दोन-एक म्हणतात त्याला. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं ते रूढ केलं. तीन कॉपी, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी.

मामा : माहीत होतं तर केलं का नाहीस?

भाची : दुसरी जागा कुठून आणू? क्लाऊडवर नव्वद जीबी चढवायचे तर आमच्या नेटवर पुढची लग्नसराई येईल.

मला वाटतं प्रश्नाचं उत्तर इथंच होतं, दोघांनीही ते आपापल्या हट्टात झाकून ठेवलेलं. भाचीनं लॅपटॉपच घ्यावा. मामांचं डेस्कटॉपप्रेम भोरच्या राखाडी खोलीत शोभतं. मार्गासनीत जून ते सप्टेंबर तो कोपऱ्यात कापड पांघरून बसेल. पण सत्तरच्या सत्तर लॅपटॉपवर घालू नयेत. सोळा जीबी रॅम, ती वाढवायला एक मोकळा स्लॉट आणि साधंसं ग्राफिक्स कार्ड असलेला, पन्नास-पंचावन्नपर्यंतचा घ्यावा. त्या पैशात स्क्रीन बहुधा फिकीच मिळणार, म्हणून उरलेल्यातून चोवीस इंची आयपीएस मॉनिटर, पूर्ण एसआरजीबी दाखवणारा, आणि एक दुसरी हार्ड डिस्क. रंगाचा शेवटचा हात मॉनिटरवरच फिरवायचा. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर सिलेक्शन, क्रॉप, फार तर उजेड कमी-जास्त. कुंकवाला आणि हळदीला तिथं हात लावायचा नाही.

मी हे बोलून दाखवल्यावर दोघांनीही मान हलवली नाही.

मामा : मॉनिटर घेतला, टेबल आलं, खुर्ची आली. मग डेस्कटॉपच झाला की! पंचावन्न कशाला घालवतेस?

भाची : लाईट गेली की मॉनिटरची वायर काढायची आणि काम चालू. तुमच्या डेस्कटॉपची कुठली वायर काढू?

मामा : आणि कारवी फुलली की? सात वर्षांनी एकदा फुलते, त्या जांभळ्याचे फोटो तुझ्या सगळ्या कॅमेऱ्यांत निळे येतात. ते तू लॅपटॉपवर जांभळे करणार?

भाची : नाही. ते तुमच्याकडं घेऊन येणार. लाइटरूममध्ये स्मार्ट प्रिव्ह्यू करता येतात, मामा. लांब बाजू अडीच हजार पिक्सेलची हलकी फाईल, मूळ रॉ शेजारी नसली तरी एडिट होते. रॉ फाईली सगळ्या तुमच्या कॅबिनेटमधल्या डिस्कवर टाकते, एक कॉपी माझ्याकडं. मी घरी प्रिव्ह्यूवर काम करीन. वरातीचं डीनॉईज आणि करिझ्माची पानं तुमच्या मशीनवर. म्हणजे तुमची मशीन माझी दुसरी जागा झाली, आणि माझी डिस्क तुमची. तुमच्या चालणाऱ्या डीव्हीडी तेवढ्या आजच उतरवून घ्या, नाहीतर त्याही जातील.

मामा : म्हणजे माझ्या दुकानात तुझं गोदाम.

भाची : भाडं सांगा.

मामा : भाडं नको. पावसाळ्यात मढे घाटातलं प्री-वेडिंग आलं की माझ्याऐवजी तू जायचं. माझे गुडघे आता तो चिखल घेत नाहीत.

भाची : जाईन. पण अॅडव्हान्स माझ्याकडं जमा होणार, आणि कॅलिब्रेटर महिन्यातून एकदा मार्गासनीला पाठवायचा.

मामा : कॅलिब्रेटर नाही देणार. मॉनिटर घेऊन इकडं ये.

भाची : चोवीस इंची मॉनिटर मोटरसायकलवर?

मामा : मग लॅपटॉपवाल्यांनी कुठंही नेता येतं अशी जाहिरात कशाला करावी? बरं, कॅलिब्रेटर ने. पण परत आणायचा तूच, एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचा नाही.